व्हरांड्यातली विहीर

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. जागा भरली नाही तरी तास वेळापत्रकात राहतातच, आणि त्यांच्यावर कोणाला तरी बसवावं लागतं. शुक्रवारचा आठवी ब चा चित्रकलेचा जोडतास माझ्याकडे आला, कारण मी गणित शिकवते आणि माझ्याजवळ मोठी पट्टी असते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, खरंच हेच कारण सांगितलं.

"रेषा सरळ येतात ना तुमच्या? मग झालं."

मला चित्र काढता येत नाही. माझा हत्ती आणि माझी गाय यांच्यात फक्त सोंडेचा फरक असतो. पहिले काही शुक्रवार मी मुलांना निसर्गचित्र काढायला सांगून गणिताच्या वह्या तपासत बसले. पनवेलच्या मुलांच्या निसर्गचित्रात आता दोन डोंगर, मधोमध टॉवर आणि वर विमान असतं. एकाने एक डोंगर अर्धा कापलेला दाखवला होता. मी त्याला पैकीच्या पैकी दिले, कारण त्याच्या खिडकीतून तो तसाच दिसतो.

त्याच दिवसांत गणिताच्या तासाला समरूप त्रिकोण चालू होते आणि आठवी ब च्या डोक्यात ते शिरत नव्हते. एका शुक्रवारी शिरढोणहून येणारी मुलगी उठून उभी राहिली. ही मुलगी कुठल्याही गोष्टीला आधी 'कशाला' विचारायची आणि उत्तर पटलं तरच वही उघडायची.

"बाई, ते लोक रस्त्यावर खड्डा काढतात, खडूनी, आन माणसं बिचकतात. ते कसं करतात?"

"समरूप त्रिकोणांनी," मी म्हणाले.

वर्गाने एकदम सुस्कारा टाकला. पण ती बसली नाही. "करून दाखवा," म्हणाली.

दाखवणं भाग पडलं. पद्धत इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आधी कागदावर चित्र काढायचं, जसं दिसतं तसं, आणि त्यावर चौकटी आखायच्या. तेवढ्याच चौकटी दोऱ्यांनी एका लाकडी फ्रेममध्ये बांधून ती फ्रेम जमिनीवर उभी करायची. फ्रेमच्या अलीकडे एक काठी उभी करायची, तिच्या टोकाला कडी. ती कडी म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. कडीतून सुतळी ओवायची, फ्रेममधल्या एकेका चौकटीच्या कोपऱ्यातून ताणून पलीकडे जमिनीला टेकवायची, आणि टेकेल तिथे खडूने ठिपका द्यायचा. सगळे ठिपके जोडले की जमिनीवर एक लांबुडकं, ताणलेलं, वेडंवाकडं प्रकरण तयार होतं. कुठूनही बघा, त्याला काही अर्थ नसतो. फक्त कडीला डोळा लावला की ते गोळा होतं आणि खोल दिसायला लागतं.

पहिल्या दिवशी आम्ही एक साधी पेटी काढली. तिच्यासाठी मुलांनी तासभर सुतळी ओढली आणि घंटा झाल्यावरही कोणी हललं नाही. पुढच्या गणिताच्या चाचणीत समरूप त्रिकोणांची उत्तरं बरोबर आली. मी दोन्ही गोष्टींचा संबंध लावला आणि निसर्गचित्रं बंद केली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. शाळा समितीच्या अध्यक्षांनी एका कंपनीशी बोलणी केली होती. कंपनीचा माणूस येऊन मुलांना कंप्युटरवर काहीतरी शिकवणार होता, आणि त्यासाठी आठवीचा चित्रकलेचा जोडतास द्यायचा ठरत होता.

"ठरत होतं की ठरलं?" मी विचारलं.

"शेठच्या मनात आहे. वार्षिक प्रदर्शनाला येतील तेव्हा सांगून टाकतील."

अध्यक्षांना सगळेच शेठ म्हणतात. वडिलांची भातशेती आणि मिठागर होतं, यांची स्वतःची बांधकामं आहेत. आमच्याच शाळेत शिकलेले. उंच माणूस, शर्ट पांढरा, पँट पांढरी, बूट पांढरे. मनात आलेली गोष्ट ते सहसा मनातच ठेवत नाहीत.

मला कलेचा काही उमाळा आला नव्हता. पण जोडतास गेला असता तर शुक्रवारी मला सातवीच्या बदली तासावर बसवलं असतं, आणि आठवी ब चे त्रिकोण जिथल्या तिथे राहिले असते. मी वर्गात जाऊन सरळ सांगितलं, "प्रदर्शनात असं काहीतरी करायचं की शेठनी हा तास काढू नये."

"खड्डा काढू," मागच्या बाकावरून आवाज आला.

"खड्डे शेठना माहीत आहेत. रस्ते तेच करतात," दुसरा म्हणाला.

शिरढोणची मुलगी म्हणाली, "विहीर काढू. आमच्या काकांची हाय, पायऱ्यांची. तिच्यात कासव हाय."

कासवाने प्रश्न मिटला. आठवी ब ला कासव हवं होतं.

व्हरांडा मोठा होता, म्हणून विहीरही मोठी ठरली. मग प्रश्न आला काठीच्या उंचीचा. डोळा कोणाचा धरायचा? उंच मुलं म्हणाली आमचा, बुटकी म्हणाली आमचा. शिरढोणच्या मुलीने सांगितलं, "माझा घ्या. मी हलत नाय." हे खरं होतं. तिच्या डोळ्याच्या उंचीची काठी तोडली, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात ती रोवली. बघायला येणारी माणसं आठवीतल्या मुलीएवढी नसतात, हे त्या क्षणी कोणी बोललं नाही.

ठिपके पडायला लागले. जवळच्या पायऱ्या आखूड आल्या आणि लांबच्या ताणत ताणत पिण्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या. कासव एका बाकाएवढं लांब झालं. शुक्रवार पुरेनात म्हणून आम्ही मधल्या सुट्ट्या घेतल्या. खडूने आखून पोस्टर कलर भरले, कारण प्रदर्शन झाल्यावर फरशी धुऊन द्यायची अशी मोठ्या बाईंची अट होती. पूर्ण झाल्यावर मी काठीच्या जागेवर उभी राहून पाहिलं. पाणी उताराला लागलं होतं आणि कासव घसरत होतं.

"बाई, तुम्ही उंच हायत. गुडघं वाकवा," शिरढोणची मुलगी म्हणाली.

मी गुडघे वाकवले. पाणी सपाट झालं. आणखी जरा वाकले, आणि समोरची फरशी खाली गेली. मी पट्टीने आखलेली, सुतळीने मोजलेली विहीर ती, तरी मी एक पाऊल मागे घेतलं. खात्री करायला मी उठून पुन्हा वाकले, पुन्हा उठले.

शाळेतल्या मावशी बादली घेऊन चालल्या होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "ऊठबशा कोणी दिल्या तुम्हाला?"

मोठ्या बाईही येऊन वाकून बघून गेल्या. खूश झाल्या, पण जाताना म्हणाल्या, "शेठना मात्र वाकायला सांगायचं नाही हं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या." मग त्यांनी कडीच्या जागेवरून मोबाईलवर फोटो काढला आणि समितीच्या ग्रुपवर टाकला. फोटो अप्रतिम आला. मोबाईलला एकच डोळा असतो, त्यामुळे त्यात विहीर आमच्यापेक्षा चांगली दिसते.

संध्याकाळी शेठचं उत्तर आलं. मोठ्या बाईंनी मला बोलावून वाचून दाखवलं. 'पोरांनी कंप्युटरवर फस्क्लास विहीर बनवली. म्हणूनच म्हणतो, कंप्युटरचा तास पाहिजे.'

"फोटो टाकायला नको होता का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आता टाकलाय," मी म्हणाले. "शेठनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता काही खरं नाही."

वर्गात सांगितलं तेव्हा शिरढोणची मुलगी म्हणाली, "म्हंजे आपलीच विहीर आपल्याला बुडवणार."

प्रदर्शन शुक्रवारी ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी मला पालकांच्या नोंदीचं टेबल लावायचं होतं. मी मुलींना सांगितलं, काठी काढा आणि ती होती तिथे पावलं काढून ठेवा, म्हणजे लोकांना उभं कुठे राहायचं ते कळेल. सकाळी येऊन मी टेपने अंतर मोजलं. बरोबर होतं. पावलंही सुबक आली होती. माझं काम अंतराशी होतं, ते मी बघितलं आणि टेबलावर जाऊन बसले.

पहिल्या आलेल्या पालक बाईंनी पावलांपाशी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, पावलांना लांबून वळसा घातला आणि विहिरीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"नदी का ही?" त्यांनी विचारलं.

"विहीर," त्यांचा मुलगा म्हणाला.

"हो का. छान आहे." आणि त्या विज्ञानाच्या वर्गात गेल्या.

दुसऱ्या बाईंनीही तेच केलं. तेव्हा मी उठून पावलं नीट बघितली. मुलींनी ती काढली नव्हती, उमटवली होती. मूठ वळून पांढऱ्या रंगात बुडवून तिची कड टेकवायची आणि वर बोटांनी पाच ठिपके द्यायचे, जसं घरोघरी गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून आत करतात तसं. लहान, गुबगुबीत, आत वळलेली. उरलेल्या रंगातून मधोमध एक पिवळा ठिपका आणि एक लाल. लक्ष्मी आमच्या विहिरीकडे निघाली होती.

"ही कसली पावलं?" मी मुलींना विचारलं.

"पावलंच म्हणालात ना बाई?" त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या हातांना पावलं म्हणजे हीच माहीत होती.

पालक येत राहिले आणि वळसे घालत राहिले. ती उभं राहायची खूण आहे, असं मी सांगायचे आणि ते "असू द्या, असू द्या" म्हणायचे. एका मुलाची अम्मी बुरख्यात आली होती, तिला तरी अडचण नसावी असं वाटून मी तिला पुढे केलं. ती दोन पावलं मागे सरली. "नको बाई. तुमचं देवाचं हाय. माझ्या पायाखाली आलं तर लोक काय म्हणतील?" तिलाही नदीच दिसली. कोणीतरी एक झेंडू वाहून गेलं. थोड्या वेळाने तिथे उदबत्तीही लागली होती. मावशी माझी नजर चुकवत होत्या, म्हणजे ती कोणी लावली ते कळलं.

शेवटी मी स्वतःच पावलांवर उभी राहिले, चपलांसकट. "हे बघा, इथे असं उभं राहायचं." दोन बायका माझ्याकडे बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "शिकलेल्या आहेत ना त्या." माझ्यामागे कोणी रांग लावली नाही.

मी मुलींना बाजूला घेतलं. "ओला फडका आणा, ही पुसा आणि इथे साधा चौकोन काढा."

कोणी हललं नाही. शिरढोणची मुलगी म्हणाली, "आज शुक्रवार हाय, बाई."

"मग?"

"शुक्रवारची लक्ष्मी पुसायची? उद्या पुसू."

"उद्यापर्यंत तास जाईल."

तिने पावलांकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण फडका आणायला ती गेली नाही. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी बाथरूम दोनदा धुते बाई, हे सांगू नका." मी स्वतः पुसायला निघाले तेवढ्यात फाटकात पांढरी गाडी आली.

शेठ व्हरांड्यात आले, मागे मोठ्या बाई, त्यांच्यामागे कवायतीचे सर. पावलांपाशी शेठ थांबले. पांढरे बूट काढले, हात जोडले आणि वळसा घालून पलीकडे गेले. कमरेवर हात ठेवून त्यांनी जमिनीकडे बघितलं.

"बाई, विहीर कुठंय?"

"हीच, शेठ."

"ही? ह्यो तर पळस्प्याचा नाका झालाय. रस्तं कुठूनबी कुठं चाललंय." मोठ्या बाई कर्तव्य म्हणून हसल्या. "फोटोत बरी होती. म्हंजे फोटो कंप्युटरवरच केलेला."

"नाही शेठ. त्या पावलांवरून बघितली की दिसते."

"पावलांवरून म्हंजे?"

"पावलांवर उभं राहून."

शेठनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की गणिताच्या बाई बऱ्या आहेत असं आजवरचं त्यांचं मत मला बदलताना दिसलं. "नाय बाई. लक्ष्मीच्या पावलांवर आमी पाय देत नाय. तिच्यावरच तर सगळं हाय." मग ते मोठ्या बाईंकडे वळले. "तर मोठ्या बाई, त्या तासाचं—"

"एक मिनिट," मी म्हणाले. "शेठ, पाय नका देऊ. बसा."

"कुठं बसू? लक्ष्मीवर?"

मी दोन मुलांना स्टूल आणायला प्रयोगशाळेत पिटाळलं. प्रयोगशाळेतली स्टुलं उंच असतात आणि त्यांचे पाय फाकलेले असतात. चारही पाय पावलांच्या बाहेर पडले, पावलांना धक्का नाही, झेंडूलाही नाही. उदबत्ती मावशींनी सरकवली. उंच माणूस त्या स्टुलावर बसला की त्याचा डोळा आठवीतल्या उभ्या मुलीच्या डोळ्याइतका वर येईल, एवढं मी मनात मांडलं होतं. गुडघेही वाकवायला नकोत.

शेठ बसले. शिरढोणच्या मुलीने डोळे पुसले, कडीची काठी आणली आणि त्यांच्या कानाशी उभी केली.

"मान खाली घ्या," ती म्हणाली. "अजून. लई झाली. वर. आता हलू नका."

शाळा समितीच्या अध्यक्षांना कोणी हलू नका म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आता एक डोळा मिटा," मुलगी म्हणाली.

शेठनी व्हरांड्यातल्या बायकांकडे बघितलं. "एवढ्या बायांसमोर एक डोळा मिटू? आमच्या मंडळी गाडीत बसल्यात."

"मग हाताने झाका."

त्यांनी एका तळव्याने डोळा झाकला. आणि मग स्टुलाच्या आडव्या पट्टीवर टेकलेले दोन्ही पाय एकदम वर उचलले.

"आये गं!"

स्टूल कलंडलं. मी एका बाजूने धरलं, कवायतीच्या सरांनी दुसऱ्या बाजूने. शेठनी माझा खांदा घट्ट पकडला होता आणि पाय पोटाशी घेतले होते. त्यांनी हात काढून बघितलं, पुन्हा झाकून बघितलं, पुन्हा काढून बघितलं. शेवटी हळूच एक पाय खाली सोडला आणि पायाला पट्टी लागल्यावर श्वास सोडला.

"कासव हाय," ते म्हणाले.

"हाय," मुलगी म्हणाली.

"आमच्या मिठागराच्या वाटेला अशीच होती. पायऱ्यांची. पोवायला आमी तिथंच शिकलो."

"आता नाय?"

"बुजवली."

"कोणी?"

"आमीच," शेठ म्हणाले. मग आवाज बदलून, "हे कंप्युटरवर नाय केलं?"

"सुतळीनी केलं."

"दाखव."

तिने फ्रेम आणली, कडीतून सुतळी ओवली, चौकटीच्या कोपऱ्यातून ताणली आणि कासवाच्या नाकाला टेकवली. शेठनी कडीकडचं टोक हातात धरून, बसल्या जागेवरून तिला चौकट सांगत कासवाचं शेपूट स्वतः शोधलं. सुतळी बरोबर ठिपक्यावर टेकली तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघितलं, कोणाचं लक्ष होतं की नाही ते.

"मोठ्या बाई," ते म्हणाले, "शुक्रवार ऱ्हाऊ द्या तसाच."

"पण कंपनीला आपण शब्द—"

"त्यांना शनिवार द्या. सकाळी कवायत असते ना, तवा. पोरं उड्या घरीपण मारतात."

कवायतीच्या सरांनी स्टूल सोडलं. ते माझ्याशी अजूनही जेमतेम बोलतात.

शेठ उतरल्यावर स्टुलापुढे रांग लागली. मघाशी नदी बघून गेलेल्या बाई विज्ञानाच्या वर्गातून परत आल्या. मुलाची अम्मी बसली आणि "या अल्ला" म्हणून तिने मुलाचा हात धरला. शेठ बूट हातात घेऊन रांग लावत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "पाय वर घ्या, पाय वर घ्या, खोल हाय." मंडळींना गाडीतून बोलावून त्यांनी मधेच बसवलं. आठवी ब ने हरकत घेतली, पण बसवलं.

सोमवारी फरशी धुतली. विहीर सहज निघाली, कासव जरा घासावं लागलं. पावलं मावशींनी धुतली नाहीत. ती वापरून आपोआप जातील असं मला वाटलं होतं, पण त्यांच्यावर कोणी पाय देतच नाही तर जाणार कशी? मधल्या सुट्टीत पळत सुटलेली मुलंही तिथे आली की दोन बाजूंनी फुटतात.

या वर्षी नवीन आठवी ब आहे आणि शुक्रवारचा जोडतास माझ्याकडेच आहे. दोन मजले खाली उतरणारा जिना काढायचं ठरलं आहे. उभं राहायच्या जागेसाठी मी कोणावर विसंबले नाही. स्वतः पट्टी घेऊन साधा चौकोन आखला, आत काही नाही. डबा खाऊन परत येईपर्यंत मुलींनी त्याच्या चार कोपऱ्यांना चार कमळं काढून ठेवली होती.

मी प्रयोगशाळेत चिठ्ठी पाठवून स्टूल मागवून घेतलं आणि काठीची उंची त्या स्टुलावर बसून मोजली.